पोराचा उजवा हात

माझ्या पोराचा उजवा हात सरळ हुईना, हे मला पयल्यांदा कळलं ते त्येच्या डोस्क्याला तेल लावताना. म्या म्हणलं, दोन्ही हात वर कर, बनेल घालते. डावा गेला वर, उजवा कोपरात वाकडाच ऱ्हायला.

"कर की सरळ."

"केलाय की," म्हणाला आणि तोंड भिताडाकडं फिरवलं.

मी तशी भित्री हाय, पोरगं खोकलं तरी मला झोप लागत न्हाय, म्हणून घरात माझ्या भ्याला कोण इचारत न्हाय. पन ह्ये येगळं होतं.

पोरगं अकरा वर्साचं. बेसबॉल खेळतंय, पिचर हाय. आमच्या मंगळवार पेठेत असं सांगितलं की बायका म्हणत्यात, क्रिकेटच म्हण की. मी पन आदी तसंच म्हणायची. नववीत शाळा सुटली माझी, मला खेळातलं काय कळतंय. पन रोज सकाळी त्येला सोडायला ग्राउंडवर जायची, कडंला बसून भाजी निवडायची, आणि बघून बघून कळाय लागलं. मधी मातीचा उंचवटा असतोय. त्येच्यावर पिचर हुबा ऱ्हातोय आणि समोर बसल्याल्या पोराच्या हातमोज्यात बॉल टाकतोय, मधी एकजण बॅट घेऊन हुबा. सगळा खेळ पिचरच्या हातावर. त्येनं नीट टाकला न्हाय तर बाकीची पोरं नुसती उनात वाळायची.

सर शाळेतलंच, खेळाचं. तोंडानं फाटकं, पन पोरांच्या हाताला लई जपायचं. नव्या पोराला म्हैनाभर बॉलच द्यायचं न्हाईत, पंचा द्यायचं. पंच्याचं टोक बोटात धरायचं, पाय पुढं टाकायचा, कंबर फिरवायची आणि पंचा फटकन वाजवायचा. "हात बॉल टाकत न्हाय रं, ढुंगान टाकतंय," म्हणायचं, आणि सगळी पोरं खी खी करायची. आमचं पोरगं घरात माझा पदर धरून तसंच करायचं. बॉल मोजायला सरांच्या डाव्या खिशात चिंचोकं असायचं. एक बॉल पडला की एक चिंचोका उजव्या खिशात. डावा खिसा मोकळा झाला की त्या पोराचं त्या दिवसाचं टाकणं बास, मग मॅच हरू दे न्हायतर पोरगं रडू दे. दुसऱ्या दिवशी हाताला सुट्टी. "कुत्र्याला दगूड बी मारायचा न्हाय," असं बजावून सांगायचं.

आता आमच्या घरात सुट्टी चालत न्हाय. मामंजी, म्हणजे माझं सासरं, तालमीतलं. आयुष्य तांबड्या मातीत गेलं त्येंचं. नातू कुस्तीत आला न्हाय ह्येचं त्येंस्नी वाईट वाटायचं, पन त्येनं हाताचा खेळ धरलाय तर हात तरी तालमीचा पायजे, असं त्येंचं म्हणणं. सरांनी सुट्टी दिली की मामंजी त्येला पाटं उठवून तालमीत न्यायचं. जोर मारायला लावायचं. करेला फिरवायला लावायचं, ते मुदगलागत जड लाकूड असतंय, खांद्यावरनं मागं न्यायचं आणि पुढं आणायचं. मी एकदा उचलून बघितलं तर मनगट पिरगळलं माझं.

"बसवून ठेवल्याला हात मऊ पडतोय," मामंजी म्हणायचं. "दुखाय लागलं म्हणजे ताकद याय लागली."

ह्ये सगळं मायेनं बरं का. तालमीतनं आलं की स्वता बदाम वाटायचं, दुधात घालून त्येला पाजायचं, मग तेल घेऊन कोपर असं चोळायचं की पोराच्या डोळ्यात पाणी. पन पोरगं हूं का चूं करायचं न्हाय. तालमीत दुखतंय म्हणायची चालच न्हाय. ते त्येनं चांगलं शिकून घेतलंतं.

आणि सर रोज इचारायचं, "दुखतंय का रं?"

"न्हाय सर."

सरांचा सगळा भरवसा पोरगं खरं सांगंल ह्येच्यावर होता. चिंचोकं खरं होतं, पन पाटंच्या करेल्याला कोण चिंचोका टाकतंय?

त्या तेलाच्या दिवशी मी चुलीम्होरनंच मामंजींस्नी म्हणलं, "मामंजी, त्येचं कोपर सरळ हुईना झालंय."

"आखडलंय. चोळलं की सुटतंय."

"डाक्टरला दावूया का?"

"डाक्टरला दावून कोण पैलवान झालंय का गं? तू भाकरी बघ, करपायली."

आमच्या ह्यांस्नी सांगितलं. हे फाउंड्रीत हायत, आलं की जेवत्यात आणि आडवं होत्यात. म्हणालं, "बाबांच्या मधी पडू नगंस. पुढल्या आठवड्यात निवड हाय त्येची."

ती निवड शिरोळला होती, जिल्ह्याची टीम काढायची. पोरं टेंपोत कोंबून निघालो, चार आया बी होत्या, मी त्यात. दोन्ही बाजूला ऊस, टेंपोत नुसता कालवा. एकजण आमच्याला म्हणाला, "ए पैलवान, बॉल टाकणार का धोबीपछाड?" आमचं पोरगं म्हणालं, "तुज्या बॅटीला दोन्ही." सगळी हसली. तेबी हसलं. डाव्या हातानं दांडी धरून बसलंतं.

ग्राउंडवर सुरवातीला त्येनं बॉल बरा टाकला. सर नुसती मान हालवायचं, म्हणजे लई खुश. मग एक बॉल बॅटवाल्याच्या डोस्क्यावरनं गेला. मग एक मातीत. दर बॉल टाकला की पोरगं पाठ फिरवायचं आणि हातमोजा कोपराखाली लावून हात उचलून धरायचं, आणि परत आमच्याकडं वळताना सोडून द्यायचं. बाकी कोण बघत न्हवतं. मी बघत होते. मी चप्पल तितंच सोडून ग्राउंडात गेले. आयांनी आत जायचं नसतंय. मागनं एक बाई म्हणाली, "अगं कुटं चाललीस, मॅच चालू हाय की."

"सर, ह्येला काढा."

"वैनी, बाजूला व्हा. काय झालं?"

"त्येचा हात सरळ हुईना. पाटं तालमीत नेत्यात त्येला. करेला फिरवतंय ते, सुट्टीच्या दिवशी. तुमाला सांगितलं न्हाय कुणी."

सरांनी खेळ थांबवला. उंचवट्यावर गेलं. मी लांब हुबी, पन ऐकू यायचं.

"हात सरळ कर."

"केलाय सर."

"पुरा."

पोरानं जोर लावला. तोंड पांढरं पडलं त्येचं. हात काय सरळ झाला न्हाय. सरांनी त्येच्या हातातनं बॉल काढून घेतला आणि दुसऱ्या पोराला हाळी मारली. त्येंच्या डाव्या खिशात अजून चिंचोकं होतं, चालताना वाजायचं.

येताना टेंपोत कोण चेष्टा करंना. पोरगं माझ्याजवळ बसलं न्हाय. उतरताना एवढंच म्हणालं, "तुला कुणी बोलिवलंतं?"

डाक्टरनं कोपराचा फोटो काढला. बारक्या पोरांच्या हाडाचं टोक कच्चं असतंय म्हणं, ते ओढून ओढून सुटाय लागलंतं. प्लास्टर घातलं. बॉल बंद, करेला बंद, चोळणं तर पयलं बंद. मामंजी दवाखान्यात बाकड्यावर बसलंतं, सगळं ऐकलं. म्हणालं, "आमी असंच वाढलो की." डाक्टर म्हणालं, "तुमी बॉल टाकत न्हवता, आजोबा." तवापासनं मामंजी माझ्याशी कामापुरतं बोलत्यात. बदाम अजून वाटत्यात, वाटी पोराम्होरं ठेवून भाईर जात्यात.

प्लास्टर निघालं. हात सरळ होतोय आता, जवळजवळ. दिवाळीनंतर सरांनी त्येला परत हुबा केला. पयला पंचा, मग बॉल, जवळनंच. पन ते बॉल टाकत न्हाय, ढकलतंय. हात मागं नेतंय, तितं थांबतंय, आणि मग गोटी सोडल्यागत सोडतंय. शिरोळला सरांनी ज्या पोराला हाळी मारली, ते आता उंचवट्यावर असतंय. आमचं पोरगं त्येच्याकडं बघत न्हाय.

परवा सर माझ्याजवळ आलं, खाली बसलं. मी मेथी निवडत होते.

"वैनी, हाड जुळलंय. डाक्टरबी म्हणत्यात जुळलंय. हात सुटंना झालाय."

"मग?"

"टाकायच्या आदी तुमच्याकडं बघतंय ते. दर बॉलला. मी बघितलंय. तुमचं तोंड बघतंय आणि आखडतंय. तुमी हितं बसू नका काय दिवस. राग मानू नका."

मी म्हणलं, न्हाय मानत. माझं तोंड कसं दिसतंय ते मला काय दिसतंय का. मी नीटच बसलेली असते.

आता त्येला गेटावर सोडते आणि भाईर भिताडाच्या सावलीला थांबते. आतनं पोरांचा कालवा येतोय, सरांच्या शिव्या येत्यात, बॉल हातमोज्यात बसल्याचा आवाज येतोय. कुठला बॉल माझ्या पोराचा, ते कळत न्हाय. भाईर आलं की मी इचारत न्हाय, ते सांगत न्हाय. पुढं चालतंय, दप्तर डाव्या खांद्याला.