शिट्टीऐवजी दोरी

रो पास्को समुद्रकाठच्या आमच्या टरांडा गावात आली ती पळायला नव्हे, आत्याच्या टायरच्या दुकानात कामाला. दुकान गावाच्या तोंडाशी, पेट्रोल पंपाला लागून. उंच पोरगी, केस कातरलेले, कोपरापर्यंत काळं ग्रीस. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बोलायची मात्र. आवाज जाडसर, शब्द जरा घासलेले, पण आठवडाभरात आपल्या कानाला सवय व्हायची. आणि मग कळायचं, की पोरीची जीभ चांगलीच तिखट आहे.

समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारा आमचा जीवरक्षक क्लब, त्यात स्पर्धांसाठी वाळूवर धावणाऱ्यांची एक तुकडी आहे. पोहणारे आणि होडीवाले त्यांना 'खेकडे' म्हणतात. का, तर यांचे गुडघे कधी ओले होत नाहीत. त्यांना शिकवायचा कॅल ड्यूरंट. तो शाळेची बस चालवतो. मागच्या बाकावरच्या कार्ट्यांना गप्प करता करता त्याचा गळा असा तयार झाला, की त्याने किनाऱ्यावर 'चला' म्हटलं की माझ्या स्वयंपाकघरातल्या बश्या वाजायच्या. मी नोरीन. रविवारी क्लबाबाहेर सॉसेज भाजायची शेगडी माझ्याकडे असते, आणि माझी लेक केझिया त्या तुकडीत, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

कॅल एके दिवशी टायरच्या दुकानात गेला. पोरींना वाळूत ओढायला जुने टायर हवे होते. काउंटरवर रो होती. ती नुसती बघत राहिल्यावर तो आणखी मोठ्याने ओरडला. बाहेर पेट्रोल भरणारे वळून बघायला लागले.

"ओरडू नकोस," रो म्हणाली. "मला ऐकू येत नाही. ओठ वाचते मी. पण तुझ्या ओठांवर झुडूप उगवलंय, वाचू काय?"

कॅलने खुणांनी टायर, दोर, वाळू सगळं करून दाखवलं. तिने मान डोलावली. "संध्याकाळी आणून टाकते."

संध्याकाळी तिने वर रस्त्यावर ट्रक लावला. जड टायरांची जोडी दोराला बांधली, दोर कमरेला घेतला आणि दुकान बंद व्हायच्या आत परत जायचं म्हणून मऊ वाळूतून चक्क पळत सुटली. तुकडीतल्या पोरी जागच्या जागी थांबल्या. त्यांच्यात सगळ्यात वेगवान होती सिना फालेटाऊ. तिने कॅलला विचारलं, "ही कोण रे?"

"टायरवाली."

"मग मी कोण? टायर?"

कॅलने दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, पळायला येतेस का. रो म्हणाली, "आधी झुडूप काढ." ती मिशी त्याच्या लग्नाच्याही आधीची. दोन दिवस तो बसमध्ये गप्प होता, पोरांना वाटलं आजारी आहे. तिसऱ्या दिवशी मिशी गेली. सकाळी बायकोने स्वयंपाकघरात त्याला पाहिलं आणि म्हणाली, "कोण पाहिजे आपल्याला?" कुत्रा तर दुपारपर्यंत जवळ आला नाही. पण रो आली.

धावायचं असेल तरी आमच्यात आधी जीवरक्षकाची परीक्षा द्यावी लागते. पोहणं, बुडत्याला ओढून आणणं, श्वास देणं, सगळं. शिवाय रविवारचा पहारा चुकत नाही. क्लबाच्या बैठकीत एकाने शंका काढली, की रेडिओवर हाक आली तर हिला कळणार कसं? सिना उभी राहिली. "रेडिओ मी ऐकेन. ती समुद्राकडे बघेल. तुम्ही सगळे पहाऱ्यावर बसून क्रिकेट ऐकता, तेव्हा समुद्राकडे कोण बघतं?" शंका तिथेच मिटली. रोने परीक्षा दिली, पास झाली, आणि लाल-पिवळी टोपी घालून सिनाच्या शेजारी बसायला लागली.

सिनाने खुणांची भाषा शिकून घेतली. मग केझियाने, मग धाकट्या मॅडीने. कॅलही शिकला, पण त्याची बोटं जाड. 'गुडघा वर उचल' असं सांगताना तो बरेच दिवस काहीतरी भलतंच सांगत होता. काय, ते पोरींनी मला कधीच सांगितलं नाही. नुसत्या वाळूत लोळून हसायच्या.

सरळ शर्यतीत रोला अडचण नव्हती. सुरुवात करून देणाऱ्याचा हात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. रिलेत तर नाहीच नाही. वाळूवरच्या रिलेत दोघी समोरासमोरून येतात, एक पळत येते, दुसरी रेषेवर उभी असते, आणि नळीचा तुकडा या हातातून त्या हातात जातो. तिथे कानाचं कामच नाही. अडचण होती ती झेंड्यांच्या शर्यतीची. त्यात सगळ्यांनी वाळूवर पालथं पडायचं, तोंड खाली, पाय झेंड्यांकडे. शिट्टी झाली की उठायचं, गर्रकन वळायचं आणि धावत जाऊन झेंडा म्हणून वाळूत रोवलेली नळी पकडायची. नळ्या धावणाऱ्यांपेक्षा कमी. जिला मिळाली नाही ती बाहेर. आणि शिट्टी ऐकू येत नसेल, तर पालथं पडलेल्या माणसाने करायचं काय?

आमच्याकडच्या छोट्या स्पर्धांत पंचांनी तोडगा काढला होता. शिट्टी वाजली की एका मदतनिसाने तिच्या टाचेला हात लावायचा. थोडा उशीर व्हायचा, पण रो तेवढं भरून काढायची.

राष्ट्रीय स्पर्धा उत्तरेला होती, आमच्यापासून दीड दिवसाच्या वाटेवर. कॅलने क्लबाची मिनीबस चालवली, मी मागे सॅंडविचचे डबे धरून बसले. तिथला किनारा म्हणजे दिसेल तिथपर्यंत तंबूच तंबू. मोठमोठ्या क्लबांचे मसाज करणारे, बर्फाचे पिंप, छापील छत्र्या. आमच्याकडे एक छत्री, तीही माझ्या नवऱ्याची मासेमारीची.

झेंड्यांच्या पहिल्या फेरीत रो सहज पुढे गेली. दुसऱ्या फेरीत टाचेपाशी नवा मदतनीस होता, कोवळं पोरगं. ऐन वेळी त्याच्या चेहऱ्यावर टोपी सरकली. तो टोपी सावरतो तोवर शिट्टी वाजली. सगळ्याजणी उठून पळाल्या आणि रो वाळूत तशीच पालथी. ती उठली तेव्हा समोर नुसती धूळ होती.

मला वाटलं ती रडेल. तिने मूठभर वाळू उचलली, जमिनीवर आपटली आणि त्या पोराकडे गेली. ते बिचारं पांढरं पडलं होतं. "टोपीचा बंद हनुवटीखाली बांधतात," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने बांधून दिला.

कॅल मात्र पेटला होता. "मी तक्रार करतो! ही फेरी परत घ्यायलाच हवी!"

"घेतील आणि परत टाचच धरतील," रो म्हणाली. "मला परत पळायचं नाहीये, कॅल. मला नीट सुटायचंय."

"मग करायचं काय?"

"मुख्य पंच कुठे बसतात?"

मुख्य पंच मिसेस ऑड्रे लिंटन. साठीच्या बाई, पांढरे कपडे, रुंद काठाची टोपी, नाकावर जाड पांढरं मलम. आम्ही सगळेच मागोमाग गेलो. मला वाटलं आता भांडण होणार. बाईंनी टोपी काढली, रोला चेहरा नीट दिसावा म्हणून उन्हाकडे तोंड केलं.

"जे झालं ते चूक झालं," त्या म्हणाल्या. "पण त्या फेरीनंतरच्या फेऱ्या होऊन गेल्यात. ते आता मला मागे आणता यायचं नाही."

"ते नकोच आहे मला," रो म्हणाली. "शिट्टी वाजवणाऱ्याच्या मनगटाला दोरी बांधा. दुसरं टोक माझ्या बोटाला. तो शिट्टी वाजवतानाच हात खाली झटकतो, म्हणजे दोरी तेव्हाच ओढली जाईल. मधे कुणी नको."

"आणि तुम्हाला दोरी शिट्टीच्या आधी कळली तर? बाकीच्या मुली मला सोडतील का?"

"मग करून बघा. उद्या सकाळी."

बाईंनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाल्या, "दोरी तुम्ही आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तंबू उघडायच्या आधी, भरतीची ओल अजून वाळूत होती. कॅलने छत्रीला बांधलेली मासेमारीची दोरी सोडून आणली. शिट्टीवाला आला. आदल्या दिवशी झेंड्यांची शर्यत जिंकलेल्या मोठ्या क्लबाची कोचही आली, हाताची घडी घालून. रो पालथी पडली, बोटाला दोरी. सिना तिच्या शेजारी, कान उघडे. शिट्टी झाली, दोघी एकदम उठल्या. परत केलं. परत एकदम.

ती कोच म्हणाली, "या दोघी एका क्लबाच्या. एकमेकींच्या हालचालीवर उठत असतील."

मिसेस लिंटननी टोपी माझ्या हातात दिली, चष्मा कॅलच्या हातात, आणि पांढऱ्या कपड्यांनिशी ओल्या वाळूत पालथ्या पडल्या. "माझ्या कानात काहीतरी घाला," त्या म्हणाल्या. केझियाने पोहणाऱ्यांचे मेणाचे बोळे आणून दिले, वरून टॉवेल गुंडाळला. दोरी बाईंच्या बोटाला. शेजारी ती हाताची घडीवाली कोच, तिचे कान उघडे.

"वा, आज पंचच पळणार," कॅल पुटपुटला.

शिट्टी झाली. कोच उठली. मिसेस लिंटनही उठल्या, म्हणजे वयाच्या मानाने जेवढं पटकन उठता येतं तेवढ्या. पण बोट त्याच क्षणी वर गेलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी आणखी एकदा केलं, मग आणखी एकदा. शेवटी पोटावरची ओली वाळू झटकत म्हणाल्या, "आधी नाही, नंतरही नाही. पुढच्या वर्षापासून असंच व्हावं अशी शिफारस मी करते." कोच म्हणाली, "माझी हरकत नाही," आणि तिने खाली वाकून बाईंच्या कोपरावरची वाळू झटकली.

त्याच दुपारी आमची रिले होती. अंतिम फेरीत आम्ही कसे पोचलो हे मला अजून नीट उमगत नाही. मॅडी पहिली पळाली, घाबरत घाबरत, पण पडली नाही. केझियाने दोघींना गाठलं. माझ्या हातातला सॅंडविचचा डबा तिथेच वाळूत पडला. मग सिना सुटली, दगड सुटावा तशी. पलीकडच्या टोकाला रो उभी, हात पुढे, नजर फक्त सिनावर. शेजारच्या मुली तोंडाने ओरडत होत्या, 'ये, ये, हातात दे!' या दोघींत आवाज नव्हता. नळी हातातून हातात गेली तेव्हा सिनाने भुवया उडवल्या, एवढंच.

रो चौथी निघाली होती. एकीला तिने मधेच मागे टाकलं, दुसरीला रेषेच्या दोन पावलं अलीकडे. पहिलीला गाठता आलं नाही. आम्ही दुसरे आलो. टरांडाच्या मुलींना राष्ट्रीय रिलेत मिळालेलं पहिलं पदक.

चौघी एकमेकींवर पडल्या. कॅल ओरडायला गेला तर आवाजच फुटेना, नुसता तोंड उघडून उभा. रोने ढिगातून मान बाहेर काढून मला विचारलं, "नोरीन, लोक फार ओरडत होते का?"

"कान फाटले माझे."

"बरं झालं मग," ती म्हणाली. "मला शांतच होतं सगळं. सिनाचे दात दिसत होते फक्त."

पुढच्या रविवारी दुपारी क्लबात जेवण ठेवलं. मी सॉसेज आणि कांदे भाजले, सिनाच्या आईने नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणली. पोहणारे आणि होडीवाले आले. त्यांच्या कॅप्टनने चार चौकोनी डबे आणले, आत जिवंत खेकडे, प्रत्येकीला एकेक. "मानाचे," तो म्हणाला. पोरींची नावं एकेक करून घेतली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी खुणांच्या भाषेतल्या टाळ्या दिल्या, हात वर करून पंजे हलवले, बैठकीत शंका काढणाऱ्यानेही. रो थोडी लाजली. मग तिने खेकडे समुद्रात सोडून दिले, आणि कॅप्टनला म्हणाली, "बघ, पाण्यात जातात. तुला उगीच वाटत होतं."

पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत झेंड्यांच्या शर्यतीला दोरी होती. मिसेस लिंटननी ती स्वतः तपासली. रो फेरीमागून फेरी जिंकत गेली. शेवटी सहाजणी उरल्या तेव्हा ती वळताना घसरली, नळीवर झेप घेतली, पण दुसरीची बोटं आधी पोचली होती. ती तोंडभर वाळू घेऊन उठली ती हसतच. कॅल धावत गेला. "काय झालं? दोरी उशिरा आली?"

"दोरी वेळेवर आली," ती म्हणाली. "मीच गाढवासारखी वळले. माझीच चूक, कॅल! आज पहिल्यांदा मी माझ्या चुकीने हरले!"

आता आत्या थकलीय, दुकान रोच चालवते. संध्याकाळी ती नव्या मुलींना वळायचं कसं ते शिकवते. त्यांतल्या दोघी तिच्यापेक्षा वेगवान आहेत, आणि हे ती भेटेल त्याला सांगते, टायर बदलायला आलेल्या परक्या माणसालासुद्धा.