मडीचं लुगडं

हे भक्तीबद्दल लिहावं की आजाराबद्दल, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एरवी माझं असं होत नाही. चेन्नईत नुंगंबाक्कममधल्या एका ऑफिसची व्यवस्था मी पाहते. कोण कधी रजेवर, कुठला एसी कधी दुरुस्तीला, सगळं लिहून ठेवलेलं असतं. गोंधळ होता तो फक्त घरी, देवघरासमोर.

माझं माहेर सोलापूरचं, सासर तंजावरकडचं. सोवळ्याला इथे मडी म्हणतात. पूजेचं लुगडं धुऊन छताजवळच्या बांबूवर काठीने वाळत घालायचं, त्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. लग्नानंतर मी हे हौसेने शिकले. पुढे केव्हातरी शंका यायला लागली. लुगड्याला पडदा लागला का? लागला नव्हता, मी पाहिलं होतं. पण नीट पाहिलं होतं का? मग लुगडं पुन्हा पाण्यात, आंघोळ पुन्हा. ते वाळायचंच नाही. ओलंच नेसून पूजेला बसायचे आणि मध्येच शंका आली की उठायचे. हातांची सालं निघत. भजनाच्या बायका म्हणत, "अशी मडी आता कुणाच्या घरी राहिलीय, मामी?" ते ऐकून बरं वाटे, आणि घरी येऊन मी रडत असे.

मुलगी याच शहरात, पेरुंगुडीला राहते. ती बाळाला पहिल्यांदा घेऊन आली, तेव्हा मी हात पुढे केले आणि मागे घेतले. मी मडीत होते.

"अम्मा, यालाही धुऊन बांबूवर घालतेस का?" ती हसत म्हणाली. मग हसू गेलं. "तू डॉक्टरांकडे जा. तोवर मी याला इथे आणत नाही. तुझे हात मागे गेलेले त्याला कळायला लागायच्या आत जा."

मनोविकारांचा एक दवाखाना माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीतच होता, त्यामुळे लांब पडतो असंही म्हणता येईना. या आजाराला काय म्हणतात, ते मी मोबाइलवर केव्हाच वाचलं होतं. तरी जात नव्हते. लोक काय म्हणतील, ही भीती होतीच, पण ती लहान. मोठी भीती वेगळी होती. हा आजार निघाला, तर इतकी वर्षं मी देवापुढे बसले ते काय होतं? आणि गोळ्यांनी शंकेबरोबर देवही गेला तर?

शेवटी वेळ घेतली आणि दवाखान्याच्या दारापर्यंत पोचले. दाराच्या मुठीला किती जणांचे हात लागले असतील, या विचारात तिथेच उभी राहिले आणि परत वळले. इतक्यात दार आतून उघडलं. नऊवारी नेसलेली एक म्हातारी बाई खांद्याने दार धरून उभी होती. मी तोंडातल्या तोंडात मराठीत काहीतरी पुटपुटले असेन, कारण ती मराठीत बोलली, जुन्या तंजावरी हेलात.

"ये गे आत. दार जड आहे, किती वेळ धरू?"

मी आत गेले. तिच्या हातात औषधांची पिशवी होती. मला राहवलं नाही. "तुम्ही मडी करता?"

"करते की."

"आणि गोळ्या?"

"त्याही घेते. आंघोळ आता एकदाच करते. देवघरातला स्वामी अजून काही बोलला नाही." एवढं म्हणून ती रस्त्याला लागली.

पुढे प्रत्येक खेपेला मी तिला शोधलं. एकदा रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं. तिने पेशंटचं नाव सांगायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. ती बाई मला कुणी पाठवली, यावर मी काही म्हणत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक अवघड काम सांगितलं: शंका आली तरी लुगडं धुवायचं नाही, तसंच पूजेला बसायचं. मी विचारलं, देवाला हे चालेल का? ते म्हणाले, "ते मला माहीत नाही. तुम्हीही माहीत नसताना बसून बघा."

बसले. काही दिवस जमायचं, काही दिवस मुळीच नाही.

एका शुक्रवारी मुलगी बाळाला घेऊन आली. मी मडीत, दिवा लावायच्या तयारीत. तिने "धर" म्हणून त्याला माझ्याकडे दिलं. हात मागे गेले नाहीत. त्याने पदर मुठीत धरला आणि त्यावर दूध ओकलं. माझे पाय न्हाणीघराकडे वळलेही होते. तिथूनच मी मागे फिरले. मी त्याला कडेवर घेऊन, त्याच पदरानिशी दिवा लावला.

तो दिवा देवाला पावला का, मला ठाऊक नाही. शंका अजून येते. पूर्वी ती धुऊन काढून मग मी देवापुढे जायचे. आता तिला घेऊनच जाते, तिचं काय करायचं ते त्याने बघावं. त्या बाईला रोज नमस्कार करते. तिने तेवढा वेळ दार धरलं नसतं, तर मी घरी जाऊन लुगडं धूत बसले असते.