मिश्रीच्या आधी भाकरी

मुलांनो, निपाणीला आमच्या शेजारी तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी एक बाई होती. मी तिला आक्का म्हणे. घरातले पुरुष जेवून उठेपर्यंत ती उंबऱ्यावर बसून दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची. त्यानं भूक मरते, म्हणायची.

एकदा तिच्या गरोदर सुनेनंही मिश्रीच्या डबीत बोट घातलं. आक्कानं डबी ओढून घेतली आणि पुरुषांच्या आधी तिच्यापुढं भाकरी ठेवली.

"आदी पोटात घाल गं. मग मागतीस का बघू."

आक्काचा नवरा ओरडला, "आमी उपाशी बसायचं व्हय?"

"बसा की. आमी रोजच बसतोय."

सुनेनं पुन्हा डबी मागितली नाही. मी म्हटलं, "आक्का, तुम्हीही आधी जेवत चला."

"जेवून बगितलं, बाई. माजी न्हाय सुटत."

तिची मिश्री न सुटण्यामागं भूक होती, सवय होती की वय, मला अजून उलगडलेलं नाही.