शेवटच्या खांबापाशी

९ मे, मंगळवार. पहाटे दाट धुके. मोजे वाळले नाहीत, तसेच ओले घातले. चढ फार. दुपारी ओढ्याकाठी पाव, चीज आणि उकडलेली अंडी. डाव्या टाचेवरचा फोड फुटला, पट्टी लावली. बाळ दिवसभर पुढे. मुक्कामाला गरम पाणी नाही. भांडी बाळने घासली. झोपेचे काही खरे नाही.

ही नोंद ताईंनी दुमजली पलंगाच्या खालच्या गादीवर बसून केली. डोके वरच्या फळीला आपटू नये म्हणून मान तिरकी ठेवावी लागत होती. वरच्या गादीवर त्यांचा धाकटा भाऊ होता, आणि त्याने कूस बदलली की फळीच्या फटीतून धूळ थेट वहीवर पडत होती.

"बाळ, एका अंगावर पड की जरा."

"पडलोय ना. पलंगच हलतोय."

"पलंगाला पाय फुटलेत बहुतेक. तुझ्या संगतीला राहून."

बाळ हे नाव त्याला पाळण्यात असताना चिकटले ते सुटलेच नाही. आता त्याची साठी उलटून गेलेली, मिशा पांढऱ्याशुभ्र, आणि उंची अशी की या मुक्कामाच्या घरांमधून त्याला प्रत्येक दारात वाकावे लागे. वीज कंपनीत तो लाइनवर चालायचा. म्हणजे खांबांच्या रांगेखालून डोंगर, रान, चिखल तुडवत जायचे, कुठे तार लोंबते आहे, कुठे फांदी टेकली आहे ते पाहायचे, आणि लाकडी खांब आला की त्यावर काठी ठोकून तो आतून पोखरला आहे का ते ऐकायचे. सगळी हयात यात गेली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला खुर्चीत बसवून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाळ नेहमीच्या वेळेला उठला, बूट घातले आणि घराबाहेर पडला.

तेव्हापासून तो रोज बाहेर पडू लागला. दिवेलागणीनंतर कुठल्या तरी बसमधून उतरून यायचा. कुठे होतास म्हणून विचारले की म्हणायचा, "जरा पाय मोकळे करून आलो." एकदा फोन बंद पडला तेव्हा त्याच्या बायकोने दवाखाने आणि पोलीस चौक्या पालथ्या घातल्या. डॉक्टरांनी डोके तपासले, छाती तपासली. माणूस ठणठणीत निघाला. त्यामुळे तर ती आणखीच वैतागली. आजार असता तर औषध तरी आणता आले असते.

ती लॉन्ड्री चालवायची. कपडे गोळा करण्यापासून घरपोच देण्यापर्यंत सगळे स्वतः, गाडीही स्वतःच हाकायची. एके दिवशी तिने इस्त्री आडवी न ठेवता उभी केली, वाफ बंद केली आणि ती ताईंसमोर येऊन बसली.

"वन्सं, मी दुकान सांभाळू की नवरा शोधत फिरू? यांना घर नकोच असेल तर मी एकटीने राखणदारी कशाला करायची? लेक केव्हाची बोलावतेय. मी दुकानाला कुलूप लावते आणि जाते."

भावजय तोंडाची वाफ दवडणाऱ्यांतली नव्हती. ताईंना धडकी भरली. त्या म्हणाल्या, "थोडी थांब. मी त्याला लांबच्या वाटेवर नेते. ती डोंगरातली, पिवळ्या खुणांची. चालून चालून दमेल, हौस फिटेल एकदाची. आणि तुझ्या दारात आणून सोडीन, हा माझा शब्द."

"आणि नाही आले तर?"

"माझा शब्द आहे म्हटलं ना."

शब्द देऊन झाला. पण हौस फिटण्याचे लक्षण दिसेना. फोड ताईंना आले, गुडघे ताईंचे सुजले, आणि बाळ मात्र रोज सकाळी ताज्या दुधासारखा. उठायचा, स्टोव्ह पेटवायचा, चहा ओतायचा, दोघांच्या पाठपिशव्यांचे पट्टे अशा गाठींनी आवळायचा की संध्याकाळी ताईंना त्या दातांनी सोडवाव्या लागत. ओले मोजे पिशवीला बाहेरून टाचण्यांनी टांगलेले असायचे. चालताना ते झेंड्यांसारखे फडफडत. वाटेत तरुण पोरेपोरी मागून यायची, "आजी, आजोबा, भारी हं," म्हणून पुढे निघून जायची. बाळला ते 'भारी' मुळीच आवडत नसे.

"भारी काय त्यात? चालतोय. उडत असतो तर गोष्ट वेगळी."

आणि जाता जाता तो प्रत्येक जाड झाडावर काठी ठोकायचा.

"अरे, ते झाड आहे. जिवंत आहे."

"म्हणूनच बघतोय, आहे का."

खरे सांगायचे तर स्वस्थता ताईंच्याही जिवाला नव्हती. रात्री डोळा लागला की त्यांना पायऱ्या उतरल्याचा भास व्हायचा. त्या दचकून बसायच्या, वर हात घालून गादी चाचपायच्या. बाळचा पाय लागला की पुन्हा आडव्या व्हायच्या. त्यात त्या दिवशी जेवताना मुक्कामाच्या घराची मालकीण सूप वाढता वाढता बोलून गेली होती, "ही वाट संपते ना, तिथून दुसरी सुरू होते. पार समुद्रापर्यंत." बाळचा चमचा वाटीतच राहिला.  ताईंनी त्याला लहानपणापासून पाहिले होते. त्याने पाव नुसता चुरून ठेवला, खाल्ला नाही. दोन वाटा जोडून पाहत असणार, हे त्यांना न सांगता कळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो विषय स्वतःच काढला. वाट कड्याच्या पोटातून चालली होती, पावले जपून टाकावी लागत होती.

"समुद्राचं काय डोक्यात घेतलंयस?"

"कुठे काय."

"माझे गुडघे बघ. मला घरी जायचंय."

"तू जा ना. तुला बसमध्ये बसवून देतो."

"आणि तुझी बायको? तिला काय सांगू?"

"सांग, येतोय म्हणून."

"कधी येतोय?"

बाळने पुढच्या झाडावर काठी ठोकली. उत्तर झाडाकडून येणार असल्यासारखा क्षणभर थांबला आणि निघाला. ताई मागून त्याच्या पाठीकडे बघत चालल्या. मनात भावजयीशी बोलणे चालू होते. काय सांगायचे, कुठून सुरुवात करायची, 'माझा शब्द' म्हणण्याची घाई आपण का केली. वाट त्यांनी पाहिलीच नाही, पाहत होत्या ती फक्त मोजे फडफडणारी पिशवी.

बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आले की पायाखालचे दगड गेले, गवत आले. झाडांवर पिवळी खूण नाही. झाडेच नाहीत. डोक्यावर तारा गुणगुणत होत्या आणि समोर उतारावरून खांबांची रांग सरळ खाली गेली होती.

"बाळ. खूण कुठेय?"

बाळ थांबला. त्याने मागे पाहिले, वर पाहिले, आणि त्याचा चेहरा खरोखरच गोंधळला. वाट फुटली तिथे खूण डावीकडे गेली होती आणि खांब उजवीकडे. त्याच्या पायांनी खांब धरले होते. इतकी वर्षे तेच केलेल्या पायांना कोणी विचारलेच नव्हते.

"चल मागे," ताई म्हणाल्या. "फाटा काही फार लांब नसेल."

"मागे नाही."

"अरे, मुक्काम तिकडे आहे."

"लाइन अर्धी सोडून मागे फिरत नाहीत, ताई."

"ही तुझी लाइन आहे का?"

"कुणाची तरी असेलच ना."

ताईंनी धमकावले, विनवले, एका दगडावर बसून आपण इथून हलणार नाही असेही सांगितले. बाळ उभा राहिला, वाट पाहिली, आणि ताई उठेपर्यंत वाट पाहतच राहिला. मागे मात्र एक पाऊल टाकीना. अखेर त्याच पुढे निघाल्या, मनातल्या मनात त्याला यथेच्छ शिव्या घालत.

खांब उतरत उतरत एका गावाच्या कडेला गेले. तिथे तारेच्या कुंपणात वीज उपकेंद्र होते, फाटकाशी पत्र्याची चौकी आणि चौकीत एक वॉचमन. शेवटचा खांब कुंपणाच्या बाहेर. बाळ त्याच्यापाशी गेला, काठी ठोकली, ऐकले. मग खालच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. इतक्या दिवसांत ताईंनी त्याला असे बसलेले पाहिले नव्हते. खांदे सैल. पाय स्थिर.

"आता काय करायचं?"

"थांबायचं."

"कशासाठी?"

"गाडी येते," बाळ म्हणाला.

मग त्याने स्वतःच काय म्हटले ते ऐकले. मिशीवरून हात फिरवला, टोपी उचलली, पुन्हा ठेवली.

ताई त्याच्या शेजारी बसल्या. त्यांनी काही विचारले नाही, म्हणून तो बोलला. लाइनवरचा माणूस कधी चालत परत येत नसे. एका टोकाला सोडायचे, दुसऱ्या टोकाशी शेवटच्या खांबापाशी बसायचे, जीप येऊन न्यायची. पाऊस असो, उशीर होवो, जीप येणार हे ठरलेले. ड्रायव्हर दार उघडून फक्त म्हणायचा, "बसा." अर्ध्यातून परत आलेल्याला लेखी खुलासा द्यावा लागे, आणि बाळने उभ्या नोकरीत तो कधी दिला नव्हता.

"म्हणजे रोज तू..."

"रोज जुन्याच लाइनवर जातो. शेवटपर्यंत. मग बसतो."

"जीप येत नाही हे ठाऊक असून?"

"ठाऊक आहे ना. वेडा नाहीये मी. अंधार पडेपर्यंत बसतो, मग बस धरतो." त्याने काठीचे टोक जमिनीत रोवले. "बसमधून उतरलो की वाटतं, आज काम पुरं झालंच नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा."

चौकीतला वॉचमन बराच वेळ या दोघांना न्याहाळत होता. तो बाहेर आला.

"काका, कुणाची वाट बघताय?"

"गाडीची," ताई म्हणाल्या.

"या रस्त्याला गाडी नाही येत हो. बस त्या चौकातून. तीही गेली."

"आमची येईल," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडे फोन करायला रेंज आहे का?"

चौकीत एक स्टूल, एक किटली आणि भिंतीवर मागल्या वर्षीचे कॅलेंडर होते. ताईंनी खिडकीजवळ उभे राहून नंबर लावला. पलीकडे वाफेच्या इस्त्रीचा सुस्कारा ऐकू आला.

"बोला वन्सं. गेले ना कुठे निघून?"

"नाही. इथेच बसलाय."

"मग बसमध्ये घाला आणि आणा."

"बसने नाही येणार. आला तरी उद्या पुन्हा जाईल. तू गाडी घेऊन ये."

"मी? वाजतगाजत आणू का? माझ्याकडे कपड्यांचा ढीग पडलाय."

ताईंनी मग सगळे सांगितले. जीप, 'बसा' म्हणणारा ड्रायव्हर, चौथरा, अंधार, बस. हे ऐकून भावजय 'नसते लाड' म्हणून फोन ठेवील अशी त्यांना भीती होती, आणि तसे झाले तर पुढे काहीच हातात उरत नव्हते. पलीकडे इस्त्री थांबली. 

"हे मला का नाही सांगितलं त्यांनी?" भावजय म्हणाली.

"त्याला स्वतःला तरी आज कळलं असेल का, कोण जाणे."

"गाव कुठलं? वॉचमनला द्या फोन. तुम्हाला रस्ते सांगता येत नाहीत."

त्या रात्री ती दोघे चौकातल्या लहानशा लॉजमध्ये राहिली. बाळ घोरला. ताई मात्र टक्क जाग्या. भावजय येईल का, आली तर चारचौघांत भांडेल का, आणि बाळ गाडीत बसेल का, की हात हलवून समुद्राकडे चालू लागेल. उजाडल्यावर बाळने आपणहून पिशवी उचलली आणि शेवटच्या खांबापाशी जाऊन बसला. ताई चौकीपासून रस्त्याच्या वळणापर्यंत फेऱ्या मारू लागल्या.

"ताई, बस की जरा," बाळ म्हणाला. "काय सारखी भिरभिरतेयस."

ताईंनी वळणापर्यंत आणखी एक फेरी मारली.

ऊन चांगले वर आल्यावर वळणावरून लॉन्ड्रीची पांढरी गाडी आली. ज्या अंतरापायी ताईंनी इतके फोड सोसले ते ती अर्ध्या दिवसाच्या आत कापून आली होती. मागे दांडीवर लोकांचे कोट प्लास्टिकमध्ये डोलत होते. गाडी थेट चौथऱ्याला लागून थांबली. भावजयीने आतूनच हात लांबवून डावे दार उघडले. बाळकडे पाहिले. ओठ दाबून धरले होते, त्यांमागे बोलायचे पुष्कळ होते.

"बसा," ती म्हणाली.

बाळ उठला. टोपी घातली, पिशवी मागे टाकली आणि बसला. दार त्याने इतक्या हळू लावले की ते नीट लागले नाही, पुन्हा लावावे लागले.

ताई मागे, कोटांच्या खाली, दोन पिशव्यांच्या मध्ये. गाव मागे पडले.

"रोज नाही यायची मी," भावजय रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "मला धंदा आहे. सोमवारी आणि गुरुवारी तुमच्या जुन्या लाइनकडचे कपडे द्यायचे असतात, तेव्हा शेवटच्या खांबापाशी न्यायला येईन. बाकीचे दिवस घरी."

"शनिवारी?"

"शनिवारी गिऱ्हाईक असतं."

"मग शनिवारी मी काउंटरवर बसतो," बाळ म्हणाला.

"तुम्ही? बसाल?"

"बघतो."

"बघतो नाही. बसतो म्हणा."

बाळने खिडकीबाहेर पाहिले. खांब एकामागून एक मागे जात होते. त्याची मान त्यांच्याबरोबर वळली, पण तो म्हणाला, "बसतो." भावजयीने गिअर बदलला. तिचा विश्वास बसला असे काही दिसले नाही, पण लेकीचे नावही तिने काढले नाही. संध्याकाळी तिने गाडी दुकानासमोर उभी केली तेव्हा बाळ आपण होऊन उतरला आणि तिच्याआधी शटरला हात घातला. ताईंचा शब्द तेवढ्यापुरता पाळला गेला. सोमवारचे काय, या विचाराने त्या घरी गेल्यावरही उशीरपर्यंत या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत राहिल्या. मग टेबलाशी बसून वही उघडली, तारीख घातली, आणि लिहिले:

स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. खाली पातेले ठेवले.