खंडेनवमीला बंद केलेला फ्रीज

अन्याय झाला तो प्रयोगशाळेतल्या माझ्या जोडीदारणीवर, २००४च्या खंडेनवमीला, सकाळी, आरतीच्या आधी. पुढे दोषीही तीच ठरली. आमचा विभाग एवढा तत्पर एरवी कधी नसायचा.

ती सुरगाण्याकडची, आदिवासी पाड्यावरची. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिने घरच्या राबाची माती आणली होती. भाताची रोपं टाकण्याआधी पालापाचोळा नि शेण पसरून भाजतात ना, ती जमीन. त्या मातीत तिला एक जीवाणू सापडला. प्लेटवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा, वास नांगरलेल्या वावराचा. तो प्रतिजैविक बनवायचा, म्हणजे शेजारच्या जीवाणूंना मारणारं औषध. तिचा प्रश्न साधा होता: स्वतःच्याच औषधाने हा मरत कसा नाही? त्याला वाचवणारं एखादं प्रथिन असणार. पावसाळाभर खपून तिने ते वेगळं काढलं.

असं प्रथिन थंडच ठेवावं लागतं. बाहेर राहिलं, की सोबत आलेली त्याच जीवाणूची पाचक प्रथिनं त्याचे तुकडे पाडतात. हे आम्हाला शिकवलं विभागप्रमुख सरांनीच.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. आमची शस्त्रं म्हणजे सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज आणि फ्रीज. पण बर्फ साचलेल्या फ्रीजची पूजा कशी करायची? देव काय म्हणेल? सरांनी तो बंद करवला, आतलं सगळं ओट्यावर काढवलं आणि दार सताड उघडं ठेवून पुसून घेतलं. मी इंदिरानगरच्या घरून आणि ती होस्टेलवरून पोचेपर्यंत आरती सुरू झाली होती. तिच्या नळ्या खिडकीतल्या उन्हात, नारळाशेजारी.

"सर, माझं प्रोटीन बाहेर हाय!"

"अगं, आज यंत्रांना विश्रांती. एक दिवस तुझ्या प्रोटीनलाही दे की."

"सर, निदान बर्फात तरी ठेवू द्या," मी म्हणाले.

"तू जा बाई पत्रकं वाटायला. प्रसाद घेऊन जा." मी विद्यार्थी संघटनेचं काम करायचे, त्यावर हा टोमणा.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडं पण विळा पुजतात. म्हणून कोणी भात पाखरांना सोडून देत नाय."

दिवाळीनंतर, प्रथिन शाबूत आहे का ते पाहायला, तिने नमुना जेलवर चालवला. जिथे एक ठळक पट्टा दिसायला हवा, तिथे नुसता ओघळलेला डाग. पुन्हा जीवाणू वाढवायला तिने मुदत मागितली. "वेळापत्रक मी नाही, विद्यापीठाने केलंय," सर म्हणाले. फ्रीजचं वेळापत्रक कुणी केलं होतं, ते मात्र सांगितलं नाही.

बाहेरचे परीक्षक आले. डाग पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?" ती तोंड उघडणार, तोच सर कनवाळूपणे म्हणाले, "मुलगी कष्टाळू आहे हो. पण त्या भागातल्या मुलांच्या हाताला वळण नसतं." तिने फ्रीजचं नाव काढलं. "आता देवावर ढकलतेस?" प्रकल्प नामंजूर. शेरा: कामात निष्काळजी.

आज ती गावाकडच्या आश्रमशाळेत शिकवते. संशोधनासाठी कुठेही गेली, की तो शेरा तिच्याआधी पोचलेला असतो.

त्या सकाळी प्रयोगशाळेत टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. आता त्यांतले बरेच प्राध्यापक आहेत, कंपन्यांमध्ये आहेत, आणि सगळ्यांची स्मरणशक्ती एकाच दिवसापुरती बिघडली आहे. तुम्ही त्यांतले असाल, तर विभागात चला, "फ्रीज सरांनी बंद करवला होता" एवढं स्वतःच्या सहीने लिहून द्या, आणि तिचा शेरा खोडला जाईपर्यंत तिथून हलू नका.