चुन्याचा पंजा

ठमाबाईच्या उजव्या हाताचं मधलं बोट नवऱ्यानं दारूच्या नशेत कोयत्यानं उडवलं होतं. तिनं तोच कोयता हिसकावून त्याच्या मुठीनं नवऱ्याचे दात पाडले आणि मखमलाबादची नर्सरी एकटीनं चालवायला घेतली. नव्या बंगलेवाल्यांना पुरुषभर उंचीची तयार झाडं हवी असायची. विकायच्या झाडाची मुळं ती वर्षभर आधी थोडीथोडी छाटायची आणि खोडावर उन्हाच्या बाजूला चुन्याचा पंजा उमटवायची, म्हणजे नव्या जागीही झाड त्याच तोंडानं लावता येई.

यंदा लांबच्या मळ्यातल्या बकुळी वाळल्या, असं तो मळा बघणारा तिचा मुलगा साई म्हणाला. म्हणून ती भाड्याचा टेम्पो घेऊन निफाडला वाळू नावाच्या झाडांच्या व्यापाऱ्याकडे बकुळी विकत घ्यायला गेली.

"पोत्यातच वाढल्यात या, ठमाबाई," वाळू म्हणाला.

पोत्यात वाढलेलं झाड मातीसकट हलतं. तिनं एका बकुळीचं खोड धरून गदागदा हलवलं, तर खोड एकटंच डुललं. तिनं पोतं टराटरा फाडलं. आत कुऱ्हाडीनं तोडलेली बोडकी मुळं होती.

"मुडद्या, मेलेलं झाड इकतो व्हय?" तिनं वाळूला कॉलरला धरून खाली पाडलं आणि तोंड फुटेस्तोवर चपलेनं हाणलं.

"मला काय मारता?" वाळू रक्त थुंकत ओरडला. "खोडावरचा चिखल पुसा आधी!"

तिनं पदरानं चिखल पुसला. खाली चुन्याचा पंजा होता. मधलं बोट नव्हतं.

ठमाबाईनं वाळूचीच पहार उचलून टेम्पोत टाकली.

"घरी चल," ती ड्रायव्हरला म्हणाली. "आज साईला उपटते, मुळासकट."