पाच शब्दांची परीक्षा

माझ्या साडूंइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नसेल, आणि गोंदिया वेगळा होण्याआधीच्या थोरल्या जिल्ह्यातही नव्हता. विद्यापीठाच्या कागदांत त्यांच्या नावावर एक खोटं नोंदलेलं आहे; ते माझं आहे.

एकोडीत कुणाच्या लग्नात जेवून उठले की ते यजमानालाच सांगत, "वरण पातळ झालं होतं, भाऊ." बैल विकायला काढला, तर गिऱ्हाइकाला आधी त्याचा दुखरा पाय दाखवला. खर्रा मात्र त्यांचा प्राण. प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी-तंबाखू घोटता घोटता ते तंबाखूचे तोटे सांगत, आणि इतक्या कळकळीने, की ऐकणाऱ्या दोघांनी खरंच सोडली. मुलीचं लग्न जमलं त्या वर्षी मात्र तिच्या साखरपुड्याचं आमंत्रण त्यांनी मला एका सकाळी तीनदा दिलं. तिन्ही वेळा चहा घेतला. बायको हसली, मी त्यांना घरापर्यंत सोडून आलो.

त्यातच व्यसन आणि स्मरणशक्ती यांचा अभ्यास करणारी विद्यापीठाची मंडळी गावात आली. निवृत्त मास्तर म्हणून मी त्यांना घरोघरी नेत होतो. साडूंच्या ओसरीवर त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "काका, दिवसाला किती खर्रे खाता?"

"खातो कुठं बाई, थुंकून राहिलो. खाल्ला असता तं पोट नसतं भरलं?"

मग बाईंनी आंबा, दार, कुदळ, चाळणी, बैल असे पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. साडू "आंबा" म्हणाले आणि थांबले. नवरीच्या बापाचं डोकं बिघडलं, असं होणाऱ्या सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर? शाळा तपासायला साहेब आले की त्यांच्या पाठीमागून मी पोरांना खुणा करायचो. हात आपोआप उठले. मी दाराकडे बोट दाखवलं, कुदळ मारली, चाळणी हलवली, साडू एकेक शब्द ओळखत गेले; शेवटी डोक्याला बोटांची शिंगं लावली.

"बैल!" साडू ओरडले आणि लगेच म्हणाले, "पण बाई, हे साडूभाऊ सांगून राहिले. मले काई आठवत नाई."

बाई वळल्या. "थट्टेखोर आहेत," मी म्हणालो. त्यांनी हसून पाचपैकी पाच लिहिले. कमी गुणांच्या लोकांना मेंदूच्या तपासणीसाठी नागपूरला नेलं. साडू मागे राहिले.

लग्न छान झालं. काही वर्षांनी ते घरची वाट चुकू लागले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" साडू माझ्याकडे बघत होते. मी औषधांची चिठ्ठी मागितली.

आता विद्यापीठाला सगळं लिहून कळवलं आहे. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसतो. माझं नाव त्यांना येत नाही, पण ते माझ्या हातांकडे टक लावून वाट बघतात. मी बोटांची शिंगं करतो. ते पोट धरून हसतात. बैल मात्र आठवत नाही.